हरकतीचं बूच

"हा बाद," बाबा म्हणाले आणि माझ्या प्रश्नावर त्यांनी आडवी रेघ मारली.

"का? काय वाईट आहे त्यात?"

"महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी नदी कोणती. मोठी म्हणजे काय? लांब, रुंद, का पाणी जास्त असलेली? उद्या कुणीतरी उठून बूच टाकणार, मग बसा भांडत. ज्या प्रश्नाला दोन उत्तरं असतात तो प्रश्न नसतो वैजू, ती भानगड असते."

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात हे असं चालायचं. मी तालुक्याच्या वाचनालयात कामाला होते, त्यामुळे पुस्तकं चाळून प्रश्न मी आणायचे आणि ते बाद करायचं काम बाबांचं. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. पोरांचे पेपर तपासायचे थांबले, म्हणून आता माझे तपासायचे.

पण हे प्रश्न काही शाळेसाठी नव्हते. ते होते 'हॉटेल मधुबन, परमिट रूम, फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय' यासाठी. मधुबनचा मालक उत्तम शेटे हा बाबांच्या हातच्या छड्या खाल्लेला विद्यार्थी. आमच्याकडे अर्धं गाव गुरुवार पाळतं. त्या दिवशी कुणी बाटलीला शिवत नाही आणि उत्तमच्या गल्ल्यावर माश्या बसतात. पुण्यातल्या पबमध्ये म्हणे असल्या दिवशी प्रश्नांचा खेळ लावतात, तिथं ही गर्दी होते. हे त्यानं कुणाकडून तरी ऐकलं आणि तडक आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"सर, प्रश्न विचारावं तर तुम्हीच. शाळेत लई विचारलंत, तवा काय आलं न्हाई. आता बघू."

निकम सर बारमध्ये जाणार म्हटल्यावर आईनं कपाळाला हात लावला. तेव्हा मध्ये पडला तो दिनूमामा. आईचा एकुलता एक धाकटा भाऊ, दिनकर जगदाळे. सिमेंट आणि सळईचं दुकान होतं त्याचं, तोंडानं फटकळ आणि मनानं राजा. निदान आम्ही तसं म्हणायचो.

"अक्का, दाजी घरात बसून भिंतींशी बोलायला लागल्यात. चार माणसांत जाऊ दे त्यास्नी. मी असतो की संगट," तो म्हणाला.

खरंच होतं ते. मंदार गेल्यापासून बाबा कुणाशी धड बोलत नव्हते.

मंदार माझा धाकटा भाऊ. कारखान्यात नुकताच लागला होता. गावाबाहेरचा नवा बायपास तयार होऊन पडला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्री येऊन फीत कापणार होते. रस्ता बंदच होता, पण कामाच्या गाड्यांसाठी एका कडेनं वाट ठेवली होती आणि मोटारसायकल काय, आडव्या लावलेल्या पिंपांच्या मधून कुठूनही निघते. दिवेलागणीच्या सुमारास तो त्या मोकळ्या रस्त्यानं घरी यायला निघाला आणि कुठल्या तरी गाडीनं त्याला उडवलं. ती गाडी थांबली नाही. बऱ्याच उशिरानं रखवालदाराला तो दिसला, तेव्हा त्याच्यात अजून धुगधुगी होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. पोलिसांनी लिहिलं, अज्ञात वाहन. फीत मात्र सकाळी ठरल्या वेळी कापली गेली.

डॉक्टरांचं ते 'थोडं आधी' आईच्या मनातून कधी गेलंच नाही. रोज दिवा लावताना ती आधी शाप द्यायची आणि मग हात जोडायची. "ज्यानं माझ्या लेकराला रस्त्यावर टाकलं, त्याच्या घरात दिवा न लागू दे." असं म्हणून झालं की शुभंकरोति. त्या वेळी दिनूमामा घरात असला तर खाली मान घालून म्हणायचा, "हुईल अक्का. तसंच हुईल." आम्हाला त्याचा केवढा आधार वाटायचा. सगळ्यांत आधी तोच आला होता दवाखान्यात आणि तिरडीला पुढचा खांदा दिला तोही त्यानंच.

तो इतका हळवा होता की बायपासला त्यानं पुन्हा कधी गाडी घातली नाही. बाजाराच्या दिवशी गावात ट्रकांच्या मागं अर्धा अर्धा तास अडकून पडायचा, पण तिकडून जायचा नाही. "त्या रस्त्याचं नावबी काढू नको, वैजे," म्हणायचा. आई मला सांगायची, बघ, याला म्हणतात मामा.

आईचं मागणं एवढंच होतं की तो माणूस तिला एकदा बघायचा होता. "मला फाशीबिशी काय नको. एकदा समोर उभा करा. त्याचं तोंड बघायचंय मला." आम्ही बापलेक प्रश्न काढत बसलो की भाकरी थापता थापता ती हटकून बोलायची, "साऱ्या जगाच्या प्रश्नांची उत्तरं काढताय. माझ्या एका प्रश्नाचं काढा की."

बाबा त्यावर चष्मा पुसत बसायचे.

मधुबनमधला खेळ मात्र झकास जमला होता. फॅमिली रूममध्ये पाच-सहा टेबलं मांडायची, प्रत्येक टेबलाचा एक संघ. 'कोरडा दिवस', 'अर्धी भाकरी', 'चखना मंडळ' अशी एकेक नावं. मामाच्या संघाचं नाव 'बिनविषारी'. बाबा प्रश्न वाचायचे, संघ उत्तरं लिहून द्यायचे, मी लिंबूसरबत पीत गुण मांडायचे. आणि बाबांचं उत्तर चूक आहे असं कुणाला वाटलं, तर त्यानं उठून सोड्याच्या बाटलीचं बूच बाबांच्या टेबलावर आणून टाकायचं. ही हरकत. हरकत खरी ठरली तर दोन गुण मिळायचे, खोटी ठरली तर दोन जायचे. नुसतं ओरडून हरकत घेता यायची नाही, बूच टाकावंच लागायचं. हा नियम बाबांचा. "ज्याला आपल्या उत्तराची खात्री आहे तोच जागेवरून उठतो," असं ते म्हणायचे.

आणि उठायचे हो लोक! मोठी मोठी माणसं, कुणी वकील, कुणी बँकेतला साहेब. बायकोनं कान उपटले तर निमूट ऐकून घेणारे हे गडी इथं एका बरोबर उत्तरासाठी जिवाचं रान करायचे. आपल्याला माहीत असलेलं उत्तर पोटात ठेवणं त्यांच्यातल्या एकालाही जमायचं नाही. मामाला तर मुळीच नाही.

मंदारला जाऊन काही वर्षं झाली होती. एका दिवाळीच्या आधी आईनं ठरवलं की फाटकावर मंदारचं नाव घालायचं. त्यासाठी शेजारच्या गावचा भिकू पेंटर आला. सकाळी मी चहा घेऊन बाहेर गेले तर भिकू पायरीवर बसलेला, रंगाचा डबा तसाच उघडा, ब्रश हातात वाळत चाललेला. बाबा त्याच्याशेजारी पायरीवरच बसले होते. मला पाहून दोघं गप्प झाले. नंतर कप न्यायला गेले तर चहावर साय धरली होती. फाटकावर 'मंदा' एवढंच झालं होतं. 'र' घालायचा सोडून भिकू निघून गेला होता.

बाबा त्या दिवशी धड जेवले नाहीत. बुधवारी मी प्रश्न पुढ्यात ठेवले तर त्यांनी एकही बाद केला नाही. नदीचासुद्धा नाही.

"शेवटचा प्रश्न माझा," एवढंच म्हणाले आणि एक चिठोरं माझ्याकडे सरकवलं. मी वाचलं आणि चमकले. आमच्या घरात बायपास हा शब्द कुणी उच्चारत नसे.

"बाबा, हे काय? आणि हा तर सगळ्यांनाच येईल. तो बोर्ड आजही तिथं उभा आहे."

"असू दे."

"मग याला अर्थ काय?"

"विचारायचाय," ते म्हणाले. "तू फक्त गुण मांड."

गुरुवारी मधुबन भरलं होतं. दिवाळी तोंडावर आलेली, बाहेरगावची पोरंही घरी परतलेली. मामा खुशीत होता. त्याच्या संघाची 'कोरडा दिवस'शी चुरस लागली होती आणि शेवटच्या प्रश्नाला येईपर्यंत एकाच गुणानं तो मागे होता. "दाजी, सोपा टाकू नका हां. घाम फुटंल असा टाका," तो त्याच्या टेबलावरून ओरडला.

बाबांनी चष्मा सारखा केला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"आपल्या गावच्या बायपासवर सगळ्यात पहिला जो फलक लागला, त्यावर काय लिहिलं होतं? शब्द न् शब्द बरोबर हवा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. निकम सरांनी हा प्रश्न विचारावा याचं अवघडलेपण सगळ्या खोलीत पसरलं. मग माना खाली गेल्या आणि कागदावर पेनं चालू लागली. उत्तरं माझ्याकडे आली. सगळ्यांनी तेच लिहिलं होतं, रस्त्यानं जाता-येता जे दिसतं ते. 'अति घाई संकटात नेई.' फक्त बिनविषारीच्या कागदावर निराळं होतं. मामाचंच वळण. 'अति घाई संकटात नाही.' मला वाटलं, याला आज जास्त झाली. मी फुली मारली.

बाबांनी उत्तर जाहीर केलं. "अति घाई संकटात नेई." आणि कागद खाली ठेवून ते खोलीभर बघत राहिले. एकेका टेबलाकडे, एकेका तोंडाकडे. शाळेत काच कुणी फोडली ते विचारून असेच उभे राहायचे.

मामा उठला. बूच हातात उडवत उडवत आला आणि बाबांच्या टेबलावर टाकलं. ते गोल फिरलं आणि पडलं.

"दाजी, हरकत!"

बाबा त्या बुचाकडे पाहत राहिले. इतका वेळ पाहिलं की मामानंच पुन्हा म्हटलं, "अवो, हरकत घेतोय."

"बोल."

"नेई न्हवं. नाही! अति घाई संकटात नाही." मामा सगळ्यांकडे वळला. "म्हंजी बघा, पळा खुशाल, काय हुईत न्हाई! सरकारी काम हो!"

फॅमिली रूम हसून फुटली. उत्तम शेटेला तर ठसका लागला.

"तुला कुणी सांगितलं हे?" बाबांनी विचारलं.

"सांगायला कशाला पायजे? ह्या डोळ्यांनी वाचलाय. हसून हसून पुरेवाट झाली हुती माझी."

"कधी वाचलास?"

"सुरवातीला की. नवा हुता तवा. मागनं बदलला असंल कुणीतरी."

बाबांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय, म्हणून मी उठू लागले, पण त्यांनी मान हलवून मला बसवलं.

"हरकत मान्य," ते म्हणाले. "बिनविषारीला दोन गुण."

मामाचा संघ जिंकला. टेबलं बडवली गेली, बक्षिसाची कोंबडी आली. मामानं बाबांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "दाजी, ह्यो प्रश्न कुणाच्या बापाला आला नसता. खास माझ्यासाठीच काढला हुता व्हय?"

बाबांनी त्याचा हात हळूच खाली केला. टेबलावरचं बूच उचललं आणि खिशात टाकलं.

खेळ संपला की मामाच आम्हाला गाडीतून घरी सोडायचा. त्या दिवशी बाबा म्हणाले, आम्ही चालत जातो. बाजारपेठेत आकाशकंदील लागले होते, फटाक्यांची दुकानं ओसंडत होती. बाबा माझ्या हाताला धरून चालत होते, लहानपणी मी त्यांच्या हाताला धरायचे तसे. मारुतीच्या देवळापाशी ते कट्ट्यावर बसले.

"भिकूनं फाटकावर नाव घालता घालता विचारलं, मंदार कोण? मी सांगितलं. तो रडायला लागला," बाबा म्हणाले. "त्या दिवशी बायपासचे बोर्ड त्यानंच रंगवले होते. पहिला बोर्ड त्यानं चुकवला. म्हणाला, सर, नेई म्हंजी काय ते मला कळंना, नाहीच असंल म्हटलं आणि लिहिलं. ऊन उतरल्यावर बोर्ड उभा केला. मुकादमानं वाचला आणि आईमाईवरून शिव्या दिल्या, उद्या साहेब यायच्या आत बदल म्हणाला. पण बदलायची वेळच आली नाही. मंदारची गाडी उडून त्याच बोर्डावर आदळली. बोर्डाचे दोन तुकडे झाले. कंत्राटदारानं ते तुकडे उचलून नेले, भिकूला तोंड बंद ठेव म्हणून दम दिला आणि सकाळच्या आत दुसरा बोर्ड लावला. तो बरोबर होता."

मी ऐकत होते. पुढं काय येणार ते मला कळलं होतं आणि ते येऊ नये असं वाटत होतं.

"ती चूक त्या रस्त्यावर एकच संध्याकाळ होती, वैजू. बंद रस्ता. बोर्ड उभा असताना ती भिकूनं पाहिली, मुकादमानं पाहिली, आणि ज्यानं मंदारला उडवलं त्यानं."

"मामाला भिकूनं सांगितलं असेल. मुकादमानं सांगितलं असेल. सिमेंट घ्यायला येतात ते सगळे त्याच्याकडे."

"म्हणून तर विचारलं, कुणी सांगितलं. तू ऐकलंस ना? डोळ्यांनी वाचलं म्हणाला. हसून हसून पुरेवाट झाली म्हणाला." बाबांचा आवाज तिथं फुटला. "बोर्ड वाचून हसत होता गं तो. समोर बघत नव्हता."

मला एकदम ती पांढरी गाडी आठवली. मंदार गेला त्या वर्षी दसऱ्याला मामानं हौसेनं घेतलेली. मंदारच्या दिवसांतच ती कोल्हापूरला नेली आणि तिकडेच विकून टाकली. लाभली नाही म्हणाला होता, आणि आईनंही मान डोलावली होती.

"हे बोलायचं नाही, एवढंही त्याला कळलं कसं नाही?"

"कसं कळणार? त्याला वाटलं, तो बोर्ड पुढं चार दिवस सगळ्या गावानं वाचला असेल. एकदा जरी त्या रस्त्यानं गेला असता तरी नेई दिसलं असतं, मग गप्प बसला असता. पण तो गेलाच नाही पुन्हा."

मला त्या क्षणी मामाचा गळा धरावासा वाटला. आणि त्याच क्षणी, जत्रेत मला खांद्यावर बसवून पाळणे दाखवणारा तोच मामा आठवला आणि मी रडू लागले. असं दोन्ही एकदम वाटतं माणसाला, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"पोलिसांत सांगू," मी म्हणाले.

"मी गळ टाकला होता तो कुणा परक्यासाठी," बाबा म्हणाले. "चार दिवस मनात म्हणत होतो, सापडला की मानगूट धरून तुझ्या आईपुढं उभा करीन. आता सांग, कुणाला उभं करू? लेक गेला तिचा. आता भाऊ असा देऊ तिच्या हातात?"

 मी त्यांच्या हाताला धरून त्यांना उठवलं. 

भाऊबीजेला मामा आला. नवा सदरा, आईसाठी इरकल, माझ्यासाठी मिठाई. दिवेलागण झाली होती. आईनं देवापुढं दिवा लावला आणि सवयीनं म्हणाली, "ज्यानं माझ्या लेकराला रस्त्यावर टाकलं, त्याच्या घरात दिवा न लागू दे."

"हुईल अक्का. तसंच हुईल," मामा म्हणाला.

इतकी वर्षं मी ते ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हे आईची समजूत काढायला म्हणत नव्हता. तो मागत होता.

मग आईनं पाट मांडला, मामाच्या कपाळाला कुंकू लावलं, सुपारी ओवाळली, ताट ओवाळलं. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." तिनं भावाच्या तोंडात करंजी भरवली आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं. मला बघवेना. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेले.

मामा निघाला तेव्हा बाबा फाटकापर्यंत गेले. मीही मागोमाग गेले. आत आईची भांड्यांची आवराआवर चालली होती. बाबांनी खिशातून बूच काढून मामाच्या हातावर ठेवलं.

"हे तुझं. टेबलावर राहिलं होतं."

मामा हसला. "दाजी, बूच कुणी माघारी देतं व्हय?"

"तो फलक एकच संध्याकाळ होता, दिनकर. मंदारबरोबरच पडला. सकाळी लावला तो दुसरा. त्यावर पहिल्यापासून नेई आहे. जाताना त्या रस्त्यानं जा, वाचून घे."

मामाचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. त्यानं हातातल्या बुचाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. फाटकाला धरून तो उभा राहिला. 'र' अजून घातला गेला नव्हता.

"दाजी... मला म्हाईत न्हवतं. आईशप्पत. टोपी हुती त्याच्या डोक्यावर, हेल्मेट. कोण हाय ते दिसलंच न्हाई. दवाखान्यात आलो तवा कळलं मला..."

"थांबला असतास तर तिथंच कळलं असतं," बाबा म्हणाले. "आणि तो वाचला असता."

मामानं तोंडावर हात दाबला. आवाज फुटू नये म्हणून दाबला, कारण आत त्याची बहीण होती.

"तिला मी सांगणार नाही," बाबा म्हणाले. "पण तुझ्या कपाळाला कुंकू लावताना मला पुन्हा बघवणार नाही. या उंबऱ्याला परत येऊ नकोस."

बूच फाटकाच्या खांबावर ठेवून मामा गेला. बाबांनी ते उचलून पुन्हा खिशात टाकलं. आत आल्यावर आईनं विचारलं, "गेला का दिनू?" बाबा म्हणाले, "गेला."

त्यानंतर मधुबनमध्ये आम्ही गेलो नाही. उत्तम दोनदा येऊन गेला. बाबा त्याला म्हणाले, प्रश्न संपले. दिनूमामानं पुढे दुकान मुलाच्या ताब्यात दिलं आणि तो पुण्याला जाऊन राहिला. आईनं फोन केला की त्याची बायको म्हणायची, तब्येत बरी नाही, झोपलेत. आईला वाटायचं, बाबाच काहीतरी लागेल असं बोलले असणार. "एक माणूस माझ्या माहेरचं येत हुतं, तेबी तुम्ही तोडलंत," असं ती उठता-बसता ऐकवायची. "काय बोललासा त्याला? सांगा की." बाबा म्हणायचे, "शब्दानं शब्द वाढला. चूक माझी." आणि मग तिचं सगळं बोलणं ऐकून घ्यायचे. आज तिघंही नाहीत. ज्याला त्याला आपापल्या वेळी नेलं देवानं, म्हणून मी हे सांगू शकते.

पुढच्या वर्षीची भाऊबीज मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. आईनं दुपारपासून करंज्यांचा डबा भरून ठेवला होता. पाट मांडून, रांगोळी काढून ती फाटकाशी चारदा जाऊन आली. फाटकावर आता 'मंदार' पुरतं झालं होतं. ऊन कलल्यावर तिनं फोन लावला, तो कुणी उचलला नाही. मग दिवा लावला आणि नेहमीचा शाप दिला. तो देऊन ती क्षणभर थांबली, कुणीतरी 'हुईल अक्का' म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही.

भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. ताट घेऊन ती गच्चीवर गेली, मीही गेले. मावळतीला बारीक चंद्रकोर होती. आईनं तिला कुंकू दाखवलं, ताट ओवाळलं आणि म्हणाली, "माझ्या दिनूला सुखी ठेव. त्याच्या घरातला दिवा कधी इजू देऊ नको."

आम्ही खाली आलो. बाबा खुर्चीत बसून होते, हातात वर्तमानपत्र, दिवा न लावता. आई त्यांच्यासमोर ताट घेऊन उभी राहिली.

"काय हो. एवढं प्रश्न काढत हुतासा जगाचं. माझ्या लेकराला कुणी टाकलं, ते काय कळायचं न्हाई का मला ह्या जन्मी?"

बाबांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. त्यांची एक मूठ खिशात होती.

"बोला की. तोंडाला बूच बसलंय का?"

"नाही," बाबा म्हणाले.

आईला ते तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाटलं. तिनं मान हलवली आणि ताटातली सुपारी उचलून करंज्यांच्या डब्यात टाकली.

"ऱ्हाऊ दे. दिनू येईल तवा लागंल," ती म्हणाली. आणि डब्याला झाकण लावायला मला हाक मारली.